घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे? मग नवा फोन घेताना काय बघायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१५-१६ साली घेतलेल्या कॉम्प्युटरमध्ये तो नाही. त्यामुळे चांगला चालता कॉम्प्युटर भंगारात घालण्याऐवजी अनेक जण त्यावर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून घेतात. फुकट आहे, जुन्या मशीनवर बरं चालतं, मराठी टायपिंगही होतं.

पुढचा प्रश्न येतो तो फोनचा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं 'फोन लिंक' आहे, सॅमसंगवाल्यांसाठी 'स्मार्ट स्विच' आहे. लिनक्ससाठी या दोन्हींची आवृत्ती नाही. मग कुठला फोन घेतला म्हणजे फोटो, नंबर आणि कागदपत्रं कटकट न होता कॉम्प्युटरवर येतील? इंदूरच्या जेल रोडवर विचारा किंवा हैदराबादच्या जगदीश मार्केटात, दुकानदार कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल सांगेल, रॅम सांगेल. लिनक्सचं नाव काढलं की "सब चलता है" एवढंच ऐकायला मिळेल.

ते अर्धं खरं आहे. केबल लावून फाइली काढायच्या एवढंच काम असेल तर जवळजवळ कुठलाही अँड्रॉइड फोन लिनक्सला चालतो. फरक पडतो तो केबल काढल्यावर. फोन आणि कॉम्प्युटर वायफायवरून आपापसांत बोलत राहायचे असतील तर फोनमध्ये एक ॲप कायम मागे चालू राहावं लागतं. काही कंपन्यांचे फोन ते चालू देतात, काही मारून टाकतात. निवड करायची ती याच मुद्द्यावर, आणि नेमका हाच मुद्दा खोक्यावर छापलेला नसतो.

केबलचं थोडक्यात

पूर्वीचे अँड्रॉइड फोन पेनड्राइव्हसारखे जोडले जायचे. साधारण २०११ पासून ती पद्धत मागे पडली आणि एमटीपी आली. मिंट, उबंटू, फेडोरा या सगळ्यांच्या फाइल मॅनेजरला एमटीपी कळते, वेगळा ड्रायव्हर टाकावा लागत नाही. तरीही "फोन दिसतच नाही" ही तक्रार असते. त्याची कारणं बहुतेक वेळा दोनच. एक म्हणजे केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. दुसरं म्हणजे फोन लॉक असतो, किंवा जोडल्यावर वर येणाऱ्या नोटिफिकेशनमधून 'फाइल ट्रान्स्फर' निवडलेलं नसतं. अँड्रॉइड मुळात 'फक्त चार्जिंग'वर असतं आणि ते आपल्या भल्यासाठीच आहे. नाहीतर रेल्वे स्टेशनवरच्या कुठल्याही चार्जिंग पॉइंटला आपले फोटो उघडे पडले असते.

एमटीपी एका वेळी एकच काम करते. हजारो फोटोंचा फोल्डर उघडायला वेळ लागतो, आणि फोनवरची फाइल तिथल्या तिथे उघडून दुरुस्त करायला गेलात तर गोंधळ होतो. आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, मग उघडा.

केबलनेच काम करणार असाल तर एक गोष्ट मात्र विचारून घ्या. टाइप-सी पिन असली म्हणजे वेग जास्त असं नाही. कमी आणि मधल्या किमतीच्या बहुतेक फोनमध्ये आत यूएसबी २.० च असतं, म्हणजे कागदावर सेकंदाला ४८० मेगाबिट. लग्नाचे व्हिडिओ धरून ५० जीबी माल उतरवायचा तर चहा पिऊन, पेपर वाचून होईल. गूगलचे पिक्सेल आणि सॅमसंगच्या एस मालिकेचे फोन यूएसबी ३ चे आहेत. वर्षातून दोनदा फोटो काढणाऱ्याने मात्र यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

मेमरी कार्डाची खाच असलेला फोन मिळाला तर अजून सोपं. कार्ड काढून रीडरमध्ये घातलं की लिनक्सला ते साध्या पेनड्राइव्हसारखं दिसतं. एक्सफॅट फॉरमॅटची कार्डं २०१९ च्या ५.४ कर्नलपासून लिनक्सला जशीच्या तशी चालतात. फक्त फोनने विचारलं की कार्ड 'अंतर्गत स्टोरेज' म्हणून वापरू का, तर नाही म्हणा. तसं केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं आणि त्या फोनबाहेर उघडत नाही.

वायफायवरचा दुवा

लिनक्स आणि फोन जोडणारं सगळ्यात कामाचं साधन म्हणजे केडीई कनेक्ट. २०१३ साली गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात एका विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणून ते सुरू झालं. आज ते पूर्ण ओपन सोर्स आहे, फुकट आहे, आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एका क्लिकवर बसतं. उबंटूच्या नेहमीच्या डेस्कटॉपवर त्याचंच भावंड जीएसकनेक्ट जास्त नीट बसतं. फोनवर ॲप टाकायचं, दोन्ही एकाच वायफायवर असले की एकमेकांना दिसतात, जोडी जुळवायची. मधे कुणाचा सर्व्हर नाही, डेटा घराबाहेर जात नाही.

मग फोनची नोटिफिकेशनं कॉम्प्युटरवर दिसतात, एसएमएस तिथूनच वाचता येतो आणि उत्तरही देता येतं. फाइल इकडून तिकडे फेकता येते. फोन टचपॅड म्हणून चालतो, शाळेत प्रोजेक्टरवर स्लाइड पुढे-मागे करायलाही.

मराठी लिहिणाऱ्यांना यातला क्लिपबोर्ड जास्त उपयोगी. सीमाभागात एकाच कॉम्प्युटरवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कीबोर्ड लागतात आणि इनस्क्रिप्ट सगळ्यांच्या हातात बसलेलं नसतं. फोनवर मात्र तोच माणूस बोलून किंवा रोमनमधून झरझर मराठी लिहितो. फोनवर लिहिलेला मजकूर कॉपी करून केडीई कनेक्टने पाठवला की कॉम्प्युटरवर थेट पेस्ट करता येतो, आणि देवनागरी मोडत नाही. उलट दिशेने, म्हणजे कॉम्प्युटरवरून फोनवर, हे आपोआप होतं. फोनवरून कॉम्प्युटरवर पाठवताना मात्र नोटिफिकेशनमधलं 'क्लिपबोर्ड पाठवा' दाबावं लागतं. अँड्रॉइड १० पासून मागे चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचायला बंदी आहे. ती सगळ्याच फोनवर आहे, त्यामुळे महागडा फोन घेऊन ती जाणार नाही.

दोघं एकमेकांना दिसत नसतील तर आधी फायरवॉल बघा. केडीई कनेक्टला १७१४ ते १७६४ हे पोर्ट लागतात, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. फायरवॉल ठीक असेल तर राउटर बघा. हॉस्टेल, ऑफिस आणि पाहुण्यांसाठीच्या 'गेस्ट' वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशी सोय मुद्दाम केलेली असते. तिथे फोनचाच हॉटस्पॉट लावून कॉम्प्युटर त्यावर घेतला की काम होतं.

फोन ॲप मारतो ती गोष्ट

आता मूळ मुद्दा. केडीई कनेक्ट बसवलं, जोडी जुळली, संध्याकाळपर्यंत छान चाललं. सकाळी उठून बघावं तर 'फोन उपलब्ध नाही'. ॲप उघडलं की परत जुळतं, खिशात टाकलं की तुटतं. दोष लिनक्सचा नसतो, केडीई कनेक्टचाही नसतो. बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी कंपनीने मागे चालणारी ॲप बंद करायची व्यवस्था केलेली असते. व्हॉट्सॲपसारख्या मोठ्या ॲपना त्यातून सूट मिळते, छोट्या ओपन सोर्स ॲपना नाही.

शाओमी आणि रेडमी, विवो, ओप्पो, रिअलमी या फोनमध्ये हा जाच जास्त. तिथे ॲपला 'ऑटोस्टार्ट' किंवा 'ऑटो लाँच'ची परवानगी वेगळी द्यावी लागते, बॅटरीचं बंधन वेगळं काढावं लागतं, आणि अलीकडच्या ॲपच्या यादीत त्याला कुलूपही लावावं लागतं. एवढं करून बहुतेक वेळा चालतं, पण मोठा सिस्टीम अपडेट आला की या सेटिंग पुन्हा एकदा बघून घ्याव्या लागतात. सॅमसंग मधल्या गटात. 'झोपी न जाणारी ॲप' अशी यादी सेटिंगमध्ये आहे, त्यात ॲपचं नाव घातलं की शक्यतो त्रास देत नाही. पिक्सेल आणि मोटोरोला यांचं अँड्रॉइड मुळाच्या जवळचं असल्याने तिथे ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनिर्बंध' निवडलं की झालं.

म्हणून आमचं मत सरळ आहे. लिनक्सबरोबर वापरायला फोन घेताय आणि १५-२० हजारांचं बजेट आहे, तर मोटोरोला किंवा सॅमसंग बघा. त्याच पैशात दुसऱ्या कंपनीत रॅम जास्त आणि चार्जिंग भन्नाट मिळेल, ते खरं. पण रोज सकाळी फोन पुन्हा जोडत बसायचं असेल तर त्या रॅमचं काय करायचं? बजेट मोठं असेल तर पिक्सेल. पिक्सेल ८ पासून पुढच्या फोनना गूगल ७ वर्षं अपडेट देतं. सॅमसंगने एस२४ पासून ७ वर्षांचं, तर ए१६ सारख्या स्वस्त फोनलाही ६ वर्षांचं आश्वासन दिलंय. जुना कॉम्प्युटर लिनक्स टाकून आणखी पाच वर्षं चालवणाऱ्या माणसाने दोन वर्षांत म्हातारा होणारा फोन का घ्यावा! मोटोरोलाच्या काही स्वस्त मॉडेलना अपडेटची मुदत फारच कमी आहे, ती मॉडेल बघून विचारा.

फोटो आपोआप यावेत म्हणून

घरी आलं की दिवसभराचे फोटो आपोआप कॉम्प्युटरवर उतरलेले असावेत, ही सोय सिंकथिंग नावाच्या प्रोग्रामने होते. तोही ओपन सोर्स, त्यालाही मधला सर्व्हर लागत नाही, जागेचं मासिक भाडं नाही. अँड्रॉइडसाठीचं त्याचं अधिकृत ॲप २०२४ च्या अखेरीस बंद झालं. आता सिंकथिंग-फोर्क ही आवृत्ती वापरायची. ती एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स ॲपच्या भांडारातून मिळते. फोनने ॲप मारायचा वर सांगितलेला प्रकार इथेही लागू.

पण हे बसवण्याआधी एक गोष्ट नीट डोक्यात घ्या. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. दोन्ही बाजू सारख्या ठेवणं एवढंच त्याचं काम. फोनची जागा भरली म्हणून तुम्ही फोनवरचे फोटो पुसले, तर सिंकथिंग इमाने-इतबारे कॉम्प्युटरवरचेही पुसेल. वडिलांचे शेवटचे फोटो असे गेले तर नंतर कुणाला दोष देणार? यावर दोन उपाय, आणि दोन्ही करायचे. फोनवरच्या कॅमेरा फोल्डरचा प्रकार 'फक्त पाठवणारा' ठेवा, म्हणजे कॉम्प्युटरवर कुणी काही पुसलं तरी फोनला धक्का लागणार नाही. आणि कॉम्प्युटरवर त्याच फोल्डरच्या सेटिंगमध्ये 'फाइल व्हर्जनिंग' चालू करून कचरापेटीचा पर्याय निवडा. मग फोनवरून पुसलेला फोटो कॉम्प्युटरवर एका बाजूच्या फोल्डरमध्ये शिल्लक राहतो. याशिवाय महिन्यातून एकदा सगळे फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर साधे कॉपी करायचे. त्याला पर्याय नाही.

व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो आणि पीडीएफ कुठे असतात हेही सांगून ठेवतो, कारण कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये ते सापडत नाहीत. नव्या अँड्रॉइडमध्ये ते 'अँड्रॉइड' फोल्डरच्या आत 'मीडिया', त्याच्या आत व्हॉट्सॲपच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतात. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वापरायचं तर ब्राउझरमधून क्यूआर कोड स्कॅन करून. लिनक्ससाठी त्यांचं वेगळं ॲप नाही, पण ब्राउझरमध्ये काम अडत नाही.

'=E' असं काहीतरी दिसतंय?

फोनमधले नंबर कॉम्प्युटरवर न्यायला बरेच जण सरळ एक्सपोर्ट करून व्हीसीएफ फाइल बनवतात. इंग्रजीत नावं असतील तर ती नीट येतात. 'मामा कोल्हापूर', 'गॅसवाले' अशी देवनागरी नावं असली की कधीकधी त्यांच्या जागी बरोबरची चिन्हं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची लांबलचक माळ दिसते. नाव हरवलेलं नसतं. अनेक फोन ही फाइल व्हीकार्ड २.१ या जुन्या पद्धतीने बनवतात. तिच्यात इंग्रजीबाहेरचं प्रत्येक अक्षर अशा सांकेतिक रूपात लिहिलं जातं, आणि समोरचा प्रोग्राम ते उलगडू शकला नाही की माळ तशीच दिसते. एका 'म'चे असे तीन तुकडे होतात.

नंबर गूगल खात्यात असतील तर कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून तिथून एक्सपोर्ट करा, त्या फाइलमध्ये देवनागरी शाबूत राहते. त्याहून बरं म्हणजे फाइलच्या भानगडीत न पडणं. थंडरबर्डमध्ये गूगल खातं जोडलं की ॲड्रेस बुक आणि कॅलेंडरही जोडता येतं, आणि फोनवर केलेला बदल इथे दिसतो. गूगलही नको असेल तर नेक्स्टक्लाउड आणि फोनवर डॅव्हएक्स-फाइव्ह हे ॲप अशी जोडी आहे. हे ॲप प्ले स्टोअरवर विकत आणि एफ-ड्रॉइडवर फुकट मिळतं. मात्र नेक्स्टक्लाउडचा सर्व्हर कुणीतरी सांभाळावा लागतो. घरात तशी हौस असलेला माणूस नसेल तर गूगल आणि थंडरबर्ड पुरेसं आहे.

आयफोन असेल तर

आधीच असेल तर चालवून घ्या. लिनक्ससाठी म्हणून नवा घेऊ नका. केबल लावली, फोनवर 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवा' म्हटलं की मिंट आणि उबंटूला फोटो दिसतात. ॲपलची आयट्यून्स लिनक्सवर नाही, एअरड्रॉप नाही, आयक्लाउड ब्राउझरमधून. केडीई कनेक्टचं आयफोन ॲप २०२२ पासून आहे, पण आयओएस त्याला मागे चालू देत नाही आणि दुसऱ्या ॲपची नोटिफिकेशनं बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे ते उघडं असेल तेव्हाच फाइली पाठवण्यापुरतं. त्यासाठी लोकलसेंड हे ॲप जास्त सोपं पडतं, अँड्रॉइडवरही चालतं. फोटो जुन्या लिनक्सवर उघडत नसतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, म्हणजे पुढचे फोटो जेपीजीमध्ये निघतील.

लिनक्सचाच फोन का नको?

पाइनफोन, लिब्रेम ५ असे फोन आहेत, ज्यांच्यात आतून लिनक्सच चालतं. हौशी माणसाला मजा येईल. पण आपल्याकडे जिओचं नेटवर्क व्होल्टीवर आहे, आणि ज्या फोनवर व्होल्टी नीट चालत नाही त्यावरून जिओचा साधा कॉल लागायचा नाही. यूपीआयची ॲपही तिथे चालत नाहीत. भाजीवाल्यालाही क्यूआर कोडवर पैसे देणाऱ्याने हा नाद करू नये.

घेण्याआधी तपासणी

नवा सीलबंद फोन दुकानदार उघडू देणार नाही. त्यापेक्षा नात्यात, शेजारी कुणाकडे तेच मॉडेल असेल तर त्याच्याकडे संध्याकाळी जाऊन बसा. कॉम्प्युटरवर अजून विंडोजच असेल तरी अडत नाही. लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर घालून, काही इन्स्टॉल न करता, त्यावरूनच कॉम्प्युटर चालू करता येतो. केबल लावून फोन दिसतो का बघा. मग केडीई कनेक्ट टाका, जोडी जुळवा, फोनचा पडदा बंद करून अर्धा तास गप्पा मारा आणि कॉम्प्युटरवरून एखादा फोटो पाठवून बघा. फोनला हात न लावता पोचला तर त्या मॉडेलवर काम होणार.

याच बैठकीत यूएसबी टेदरिंगही तपासून घ्या. नवं लिनक्स टाकलं की काही लॅपटॉपचं वायफाय कार्ड ओळखलं जात नाही, आणि त्याचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेटच लागतं. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की लिनक्सला लगेच नेट मिळतं. बऱ्याच फोनवर तर फोन घरच्या वायफायवर ठेवून तेच नेट केबलमधून देता येतं, म्हणजे मोबाइलचा डेटाही जात नाही.

एससीआरसीपीवाय या प्रोग्रामने फोनचा पडदाच कॉम्प्युटरवर घेता येतो. त्यासाठी डेव्हलपर पर्यायांतून यूएसबी डिबगिंग चालू करावं लागतं. शाओमीच्या फोनवर माऊसने काही दाबायचं तर सुरक्षा सेटिंगचा आणखी एक स्विच लागतो, नाहीतर पडदा नुसता दिसतो. काम झालं की डिबगिंग बंद करून ठेवा, कारण काही बँकांची ॲप ते चालू दिसलं की उघडायलाच नकार देतात.